एक्क्याण्णवनं केलेला घात आणि इतर शंका

गेल्या अंकात एक छोटासा सवाल टाकला होता, की ५१, ५७, ८७, ९१ आणि ९७ यातल्या मूळ संख्या कोणत्या. उत्तर त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर होतं, फक्त ९७. ते बघितल्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, काही रागावलेले, काही लाजलेले, आणि बहुतेकांचा घात ९१ नं केलेला. म्हणून यावेळी अख्खं सदर विभाजक, पट आणि मूळ संख्यांना देऊन टाकलंय.

प्रश्न : ९१ मूळ नाही हे मला कॅल्क्युलेटरवर करून बघितल्याशिवाय पटलंच नाही. ५१ आणि ५७ चं पण तसंच. या संख्या एवढ्या मूळ का वाटतात? आणि दरवेळी कॅल्क्युलेटर काढायचा का?

उत्तर : वाटतात कारण आपल्या डोक्यात दहापर्यंतचे पाढे पक्के बसलेले असतात आणि या संख्या तिथे कुठेच भेटत नाहीत. सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, तेरा सत्ते एक्क्याण्णव, हे सगळे दहाच्या पुढचे पाढे, ते म्हणायची वेळ मोठेपणी कोणावर येते! शिवाय शेवटी १ किंवा ७ असला की संख्या उगाच फुटणार नाही असं वाटतं.

५१, ५७, ८७ पकडायला कॅल्क्युलेटर लागत नाही, अंकांची बेरीज करा. ६, १२, १५. तिन्ही बेरजांना ३ नं भाग जातो म्हणजे त्या संख्यांनाही जातो, विषय संपला. ९१ ची बेरीज १०, त्यामुळे ती इथून निसटते. पण एक गंमत बघा. १ ते १०० मधल्या सगळ्या संख्या घ्या, १ बाजूला ठेवा, आणि २, ३, ५ या तिघांना सोडून बाकीच्यांमधून सम संख्या, शेवटी ५ असलेल्या आणि अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात येणाऱ्या अशा सगळ्या उडवा. जे उरतं ते सगळं मूळ, फक्त तीन घुसखोर सोडून, ४९, ७७ आणि ९१. त्यातली ४९ म्हणजे सात सत्ते, ती सगळ्यांच्या ओळखीची, ७७ नुसती बघितली तरी कळते. राहिली एकटी ९१! एवढी एक लक्षात ठेवली की शंभरापर्यंतचं काम झालं. शंभर ते दोनशेमध्ये मात्र असे सात घुसखोर आहेत, ११९, १२१, १३३, १४३, १६१, १६९ आणि १८७, आणि तिथून पुढे तर वाढतच जातात, त्यामुळे घोकंपट्टी इथेच थांबवा.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. ३९७ मूळ आहे का विचारलं की ती २, ३, ४, ५ करत थेट १९८ पर्यंत भाग देत बसते. अर्ध्यापर्यंत बघावं लागतं असं तिला कोणीतरी सांगितलंय. हे चूक आहे का?

उत्तर : चूक नाही हो, पण हमाली आहे. तिला एवढंच सांगा की विभाजक एकटा कधीच येत नाही, जोडीदार घेऊन येतो. एखाद्या संख्येनं ३९७ ला भाग गेला तर जो भागाकार येईल तोसुद्धा विभाजकच. आता त्या जोडीतले दोघंही २० किंवा त्याहून मोठे असू शकतात का? नाही, कारण २० × २० चेच ४०० होतात, गाडी ३९७ च्या पुढे गेली. म्हणजे जोडी असलीच तर तिच्यातला एक जण २० च्या आत सापडलाच पाहिजे, आणि तिथे कोणी नाही सापडलं तर पुढे शोधण्यात अर्थ नाही. पुस्तकात याला वर्गमूळापर्यंत तपासा असं म्हणतात, पण का ते सांगायचं राहून जातं आणि मग मुलं अर्ध्यापर्यंत जातात.

त्यातही ४, ६, ८, ९ असले आकडे बघायचेच नाहीत, २ नं भाग जात नसेल तर ४ नं काय जाणार. म्हणजे २० च्या आतल्या मूळ संख्याच उरल्या. करून बघू. ३९७ विषम आहे, २ गेला. अंकांची बेरीज १९, म्हणजे ३ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, ५ पण गेला. ७ ला ५६ साते ३९२, बाकी ५. ११ साठी ३ − ९ + ७ करायचं, ते १ येतं, ० किंवा ११ आलं असतं तर भाग गेला असता. १३ × ३० = ३९०, बाकी ७. १७ × २३ = ३९१, बाकी ६. १९ × २० = ३८०, बाकी १७. झालं, ३९७ मूळ. आठ मूळ संख्यांची तपासणी, त्यातल्या तिघांना तर फक्त नजर टाकली. आणि जाता जाता कळलं की सहाच घरं अलीकडची ३९१ दिसायला तितकीच सोज्वळ पण आतून १७ × २३ आहे.

७ साठी शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची एक कसोटी असते, ती बरोबर आहे, पण मला स्वतःला ती कधी जवळची वाटली नाही. ६२३ ला ७ नं भाग जातो का? ६३० ला जातो, त्यातून ७ काढले की ६२३, म्हणजे जातो. ओळखीच्या पटीवर उभं राहून पुढे मागे सरकायचं, हे तोंडी लवकर होतं.

प्रश्न : ३६० चे विभाजक २४ आहेत म्हणे. मी तीनदा मोजले, एकदा २१ आले, एकदा २२, एकदा परत २१. काहीतरी सुटतंय आणि काय ते कळत नाहीये.

उत्तर : तू बहुतेक एका ओळीत १, २, ३, ४ असं लिहीत गेलास, आणि मधले ४०, ४५, ७२ सुटले असतील, ते नेहमी सुटतात. ओळीत लिहू नकोस, जोड्या लिही. १ × ३६०, २ × १८०, ३ × १२०, ४ × ९०, ५ × ७२, ६ × ६०, ७ नाही, ८ × ४५, ९ × ४०, १० × ३६, ११ नाही, १२ × ३०, १३ आणि १४ नाही, १५ × २४, १६ आणि १७ नाही, १८ × २०. आता पुढचा १९, पण १९ × १९ = ३६१, ३६० च्या पुढे गेलं, थांब. बारा जोड्या, चोवीस विभाजक. डावीकडचे आकडे चढत जातात, उजवीकडचे उतरत येतात आणि मध्ये कुठेतरी दोघं भेटायला येतात, तिथे थांबायचं.

नुसते किती एवढंच हवं असेल तर आणखी सोपं आहे. ३६० चे मूळ अवयव पाड, २ × २ × २ × ३ × ३ × ५. कुठलाही विभाजक याच सामानातून बनतो. २ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन किंवा तीन, म्हणजे चार पर्याय. ३ चे तीन पर्याय, ५ चे दोन. ४ × ३ × २ = २४. यादी करून झाल्यावर हा आकडा ताडून बघायचा, कमी आला तर काहीतरी राहिलंय.

प्रश्न : एक कोडं वाचलं. १०० दिवे बंद आहेत. पहिला माणूस सगळी बटणं दाबतो, दुसरा दर दुसरं, तिसरा दर तिसरं, असं शंभरावा फक्त शंभरावं बटण दाबतो. शेवटी चालू किती? उत्तर १० दिलंय, पण का?

उत्तर : वरचंच उत्तर परत वाचा. बारा नंबरच्या दिव्याला कोण हात लावतं? १, २, ३, ४, ६ आणि १२, म्हणजे त्याचे विभाजक. ते जोडीनं येतात म्हणून बटण सम वेळा दाबलं जातं, दिवा परत बंद. जोडी कुठे मोडते? जिथे जोडीदार स्वतःच असतो तिथे, ३६ मध्ये ६ × ६. म्हणजे फक्त पूर्ण वर्ग चालू राहतात, १, ४, ९ पासून १०० पर्यंत दहा.

प्रश्न : विभाजक आणि पट यात माझा कायम गोंधळ होतो. आणि शून्य कशात धरायचं?

उत्तर : विभाजक मोजके असतात आणि संख्येपेक्षा मोठे कधी होत नाहीत. पट म्हणजे पाढा, तो संपतच नाही. १२ चे विभाजक सहा, १२ च्या पटी १२, २४, ३६ अशा न संपणाऱ्या. शून्य ही प्रत्येक संख्येची पट आहे, कारण कशालाही ० नं गुणलं की ० च येतो. उलट ० कुठल्याही धन संख्येचा विभाजक नाही, शून्यानं भागता येत नाही हे सगळ्यांना माहीतच आहे.

प्रश्न : १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत? १ नं भाग जातो, स्वतःनं पण जातो, अजून काय पाहिजे?

उत्तर : मला हा प्रश्न आवडतो कारण यात खरं म्हणजे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, व्याख्या अर्धवट सांगितली जाते. मूळ संख्येला बरोबर दोन वेगळे विभाजक हवेत. १ ला एकच आहे. पण ही अट मुद्दाम का घातली हे जास्त महत्त्वाचं. ३६० चे मूळ अवयव वर पाडले, ते कोणीही कुठल्याही क्रमानं पाडले तरी तेच येतात, तीन वेळा २, दोन वेळा ३, एकदा ५. आता १ ला मूळ म्हटलं की कोणी पुढे × १ लावेल, कोणी × १ × १ लावेल, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं तरी बरोबर. मग प्रत्येक नियमात १ सोडून असं शेपूट लावत बसावं लागेल, त्यापेक्षा त्याला बाहेर ठेवलेलं परवडतं. पूर्वी सगळे असं मानत नव्हते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काही गणिती १ ला मूळ संख्यांमध्ये धरायचे. म्हणजे तुम्ही शंभर वर्षं उशिरा आलात एवढंच.

प्रश्न : प्रोग्रॅमिंग शिकतोय. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम लिहिला, आधी १००००००००७ दिली तर तो अडकूनच बसला. मग कुठेतरी वाचून लूप वर्गमूळापर्यंत केला तर आता फटकन उत्तर येतं, पण २५, ४९, १२१ या मूळ आहेत म्हणतो. आणि १ पण.

उत्तर : तुझ्या प्रश्नातच निदान आहे, २५, ४९, १२१ या तिघी मूळ संख्यांचे वर्ग आहेत. अटीत आय (i, म्हणजे ज्या आकड्यानं भाग देऊन बघतोयस तो) गुणिले आय हे संख्येपेक्षा लहान असेपर्यंत असं लिहिलंस, तिथे लहान किंवा समान पाहिजे. समानचं चिन्ह विसरलं की लूप २५ ला ५ वर पोचायच्या एक पाऊल आधीच बाहेर पडतो. आणि १ साठी लूप चालतच नाही, कोणी अडवलं नाही म्हणून ती मूळ ठरते, त्यामुळे सुरुवातीलाच २ पेक्षा लहान असेल तर नाही असं सांगून मोकळं व्हायचं. १००००००००७ खरोखरच मूळ आहे, म्हणून पहिला प्रोग्रॅम शेवटपर्यंत दळत बसला, शंभर कोटी फेऱ्या. वर्गमूळ ३१६२२ च्या आसपास, सम आकडे वगळले तर सोळा हजारांपेक्षा कमी फेऱ्या.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी जोडून सांगतो, तिथे १५ अंकांच्या पुढचं काही टिकत नाही, १६ वा अंक गुपचूप शून्य होतो, त्यामुळे लांबलचक संख्येला भाग गेला असं दिसलं तरी भरवसा ठेवू नका. आणि एकच संख्या नाही तर हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या हव्या असतील तर एकेकीला तपासू नका, एरॅटोस्थेनीसची चाळणी वापरा, सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे आणि अजून चालते. २ स्वतः ठेवून तिच्या पुढच्या पटी खोडा, तशाच ३ च्या खोडा, ५ च्या, ७ च्या, असं ३१ पर्यंत. उरतात त्या १६८.

प्रश्न : २२१ छेद ३९१ ला संक्षिप्त रूप द्यायचं होतं. मला दोन्हीचे अवयवच सापडले नाहीत, म्हणून उत्तर होत नाही असं लिहिलं. चुकलं.

उत्तर : ३९१ परत आली बघा! इथे अवयव शोधायची गरजच नाही. दोघांना भाग जाणारी संख्या त्यांच्या वजाबाकीलाही भागतेच, हे धरून मोठ्यातून लहान काढत चला. ३९१ − २२१ = १७०. २२१ − १७० = ५१. १७० मधून ५१ तीनदा गेले, उरले १७. ५१ मधून १७ बरोबर तीनदा गेले, उरलं शून्य. म्हणजे मसावि १७, आणि अपूर्णांक १३ छेद २३. युक्लिडची रीत, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराची. माझं मत विचाराल तर मसावि शिकवताना आधी हीच शिकवावी, कारण संख्या वीस अंकी असल्या तरी ही रीत दमत नाही, अवयव पाडणारा मात्र दमतो.

प्रश्न : मी मूळ संख्यांचं सूत्र शोधलंय. कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि ४१ मिळवा. मी वीसपर्यंत करून बघितलं, प्रत्येक वेळी मूळ संख्या आली. हे छापाल का?

उत्तर : छापलं, पण तुमच्या आधी ऑयलर हा गणिती येऊन गेलाय, १७७२ मध्ये. वीसच काय, ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळच येते, आणि म्हणूनच हे सूत्र एवढं फसवं आहे. ४० घाला. ४० × ४० + ४० म्हणजे ४० × ४१, त्यात आणखी एक ४१, झाले ४१ × ४१. ४१ घातलेत तर करायलाच नको, तिन्ही तुकड्यांत ४१ आहे. दुसऱ्या एका वाचकांनी ६ च्या पटीच्या आजूबाजूलाच मूळ संख्या असतात असं कळवलंय, ते २ आणि ३ सोडून खरं आहे, पण उलटं खरं नाही, २४ च्या शेजारी २५ आहे आणि ३६ च्या शेजारी ३५.

प्रश्न : ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षा मूळ संख्यांवर चालते असं ऐकतो. तीनशे अंकी संख्या मूळ आहे हे त्यांना कळतं, मग त्याच कॉम्प्युटरला मोठ्या संख्येचे अवयव का पाडता येत नाहीत? दोन्ही एकच काम ना?

उत्तर : नाही, आणि इथेच सगळी मेख आहे. लहान संख्यांमध्ये आपण विभाजक सापडला म्हणून संख्या संयुक्त, म्हणजे फुटणारी, ठरवतो, त्यामुळे दोन्ही कामं एक वाटतात. पण विभाजक न सापडताही संख्या मूळ नाही हे सिद्ध करता येतं. फर्मा या गणितीचा नियम असा की संख्या मूळ असेल तर २ चा तितकावा घात घेऊन त्यातून २ वजा केले की उरलेल्याला त्या संख्येनं भाग जातो. ७ घ्या, २ चा ७ वा घात १२८, वजा २ म्हणजे १२६, आणि ७ × १८ = १२६, जातो. आता ९. २ चा ९ वा घात ५१२, वजा २ म्हणजे ५१०, ९ × ५६ = ५०४, बाकी ६. भाग जात नाही, म्हणजे ९ मूळ नाही. आता बघा, यात ३ कुठे आला का? नाही आला! ९ फुटते हे कळलं, कशी फुटते ते कळलं नाही. उलट बाजूनं ही परीक्षा पक्की नाही, ३४१ पास होते आणि ती ११ × ३१ आहे, म्हणून प्रत्यक्षात हिच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात.

या दोन कामांमधलं अंतर किती असावं? २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ नाही हे ल्युका या फ्रेंच गणितीनं १८७६ मध्ये दाखवलं, अवयव त्यालाही माहीत नव्हते. ते सापडले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितीला, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मध्ये सत्तावीस वर्षं गेली. आजचा कॉम्प्युटर ते क्षणात करेल, पण संख्या लांबवली की तोही हात टेकतो. २०२० मध्ये २५० अंकी एक संख्या फोडली, ती अनेक मशीनवर एकदम काम चालवून. व्यवहारांसाठी आरएसए नावाच्या, माहिती सांकेतिक करायच्या पद्धतीत ६१७ अंकी संख्या सर्रास वापरतात, तीनशेच्या वर अंक असलेल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. मूळ संख्या निवडणं सोपं, गुणणं सोपं, गुणाकारावरून मागे जाणं महाकठीण.

संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर न सोडता आणि वाजवी वेळात नक्की सांगणारी रीत निघाली २००२ मध्ये, आयआयटी कानपूरमध्ये, मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याकडून. तीसुद्धा फक्त हो किंवा नाही सांगते, अवयव देत नाही.

प्रश्न : सगळ्यात मोठी मूळ संख्या कोणती? बाबा म्हणतात की असं काही नसतं. (इयत्ता सातवी)

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. सापडलेल्यांमध्ये मोठी असू शकते, ऑक्टोबर २०२४ मध्ये एक सापडली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तिच्यात चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत. पण तिच्याहून मोठ्या आहेतच, कधीच न संपणाऱ्या. युक्लिडनं ते असं पटवलंय. समज तुझ्याकडे मूळ संख्यांची यादी आहे, २, ३, ५, ७, ११, १३, आणि तू म्हणतोस एवढ्याच. सगळ्यांचा गुणाकार कर, ३००३०, आणि त्यात १ मिळव, ३००३१. यादीतल्या कोणीही भागलं तरी बाकी १ च उरणार, म्हणजे हिचा मूळ अवयव तुझ्या यादीच्या बाहेरचा असणार. यादी कितीही लांब केलीस तरी हेच होणार.

फक्त एक चूक करू नकोस, बरेच मोठे लोकही करतात, की मग ३००३१ स्वतःच मूळ असणार. नाही. पहिले सहा तर सुटलेच, १७ पासून एकेका मूळ संख्येनं भाग देत जा, अकराव्या भागाकाराला ती फुटते, ५९ × ५०९.